पाईकराव सरांच्या पोरी

संतराम पाईकराव कुरुंद्याच्या शाळेत खेळाचे मास्तर म्हणून लागले, तेव्हा शाळेत हॉकीच्या दोनच स्टिका होत्या. त्यातली एक शिपाई चुलीतले निखारे ओढायला वापरायचा. सरांनी ती मागून घेतली, घासूनपुसून मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि मुलींचा संघ काढायचा म्हणून घरोघर हिंडायला लागले.

"सर, पोरीची नडगी फुटली म्हंजे?" बाया विचारायच्या.

"नडगीचा जिम्मा माझा," सर म्हणायचे. "पोरगी पाठवा फक्त."

सव्वीस वर्षांत त्यांच्या हाताखालून शे-दीडशे पोरी गेल्या. कुणी नर्स झाली, कुणी पोलिसात गेली, बहुतेक संसाराला लागल्या. जिल्ह्याची अंतिम फेरी मात्र संघाने कधी जिंकली नाही. समोरच्या संघात वय चोरून आणलेल्या थोराड पोरी असायच्या. काही मास्तर रेषेबाहेरून ओरडायचे, "चेंडू सोड, पाय धर तिचा!" सर हे सगळं बघायचे आणि आपल्या पोरींना एकच सांगायचे, "चेंडू आपल्या पायाला लागला की फाऊल. आपणच हात वर करायचा. पंचानं बघितलं असो नाहीतर नसो."

एका वर्षी त्यांच्या एका पोरीने असाच हात वर केला आणि सामना गेला. परतताना सरांनी वसमतच्या बसस्टँडवर सगळ्यांना गरम भजी खाऊ घातली आणि त्या पोरीच्या पुढ्यात दोन जास्तीची ठेवली. तेव्हापासून जिल्हाभरात एक बोलणंच पडलं होतं, पाईकराव सरांच्या पोरी खोटं बोलत नाहीत.

नोकरीचं शेवटचं वर्ष लागलं आणि संघात प्रतिक्षा होती. दहावीतली, शेलाटी, वाऱ्यासारखी पळणारी. तिची आई गोजरबाई लोकांच्या हळदीत खुरपायला जायची. पहाटे आईला डबा करून देऊन पोरगी सहाला मैदानावर हजर. अशी खेळाडू सरांना सव्वीस वर्षांत मिळाली नव्हती. घरी जेवताना ते केशरबाईंना, आपल्या बायकोला, म्हणायचे, "अवंदा व्हतंय बघ. या पोरीच्या हातात हाय ते."

हिंगोलीच्या मैदानावर अंतिम सामना झाला. समोर औंढ्याकडच्या एका शाळेचा संघ. त्यांची गोलरक्षक ज्योती म्हणून एक पोरगी होती. तिने सगळा सामना एकटीने धरून ठेवला होता. बरोबरीत शेवटची तीन मिनिटं राहिली. चेंडू गोलासमोरच्या डीमध्ये आला, उसळला, प्रतिक्षाच्या बुटाला लागून तिच्याच स्टिकसमोर पडला आणि तिने तो गोलात मारला.

सरांनी बघितलं. बूट, चेंडू, सगळं स्पष्ट बघितलं.

ज्योती ओरडत पंचाकडे धावली. "पायाला लागला सर! मी बघितलं, पायाला लागला!" पंचांच्या समोर दुसऱ्या पोरी आल्या होत्या, त्यांना दिसलं नव्हतं. दुसऱ्या पंचानेही मान हलवली. मग पहिले पंच म्हणाले, "थांबा. पाईकरावांची पोरगी हाय, तिलाच विचारतो. सांग बेटा, लागला का?"

प्रतिक्षाचा उजवा हात खांद्यापर्यंत उचललाही गेला होता. तिने फक्त एकदा सरांकडे बघितलं. रोज बघायची तसंच.

आणि सरांनी मान हलवली. थोडीशीच. नाही म्हणून.

पोरीचा हात खाली आला. "न्हाई लागला," ती म्हणाली.

गोल दिला गेला. ज्योती रडत, भांडत राहिली. "खोटं बोलून राहिली ती!" पंचांनी तिला पिवळं कार्ड दाखवून बाहेर बसवलं. तिचे मास्तरही तिच्यावर खेकसले, "गप बस! त्या पोरी खोटं बोलत न्हाईत, सगळ्या जिल्ह्याला माहीत हाय."

कुरुंद्यात फटाके वाजले. मुख्याध्यापकांनी ढाल टेबलावर ठेवली. सरांच्या गळ्यात हार पडला. प्रतिक्षा गाडीतून उतरली ती सरळ घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. विभागाच्या सामन्याला तिच्याविना संघ गेला आणि सहा गोलांनी हरून आला.

सर तिच्या घरी गेले. गोजरबाईंनी बाज टाकली, पाणी दिलं. "काय झालं काय म्हाईत सर. बोलून न्हाई राहिली. निसती अभ्यास करते." असं म्हणून त्या चहा ठेवायला आत गेल्या.

प्रतिक्षा उंबऱ्यात उभी राहिली.

"चुकलो मी," सर म्हणाले.

तिने वळून आई आत आहे ना ते बघितलं. मग म्हणाली, "सर, ती पोरगी खरं बोलत व्हती. तिलाच बाहेर काढलं."

"व्हय."

"तुमी काहून मान हलवली?"

सरांनी कितीतरी उत्तरं मनाशी जुळवून आणली होती. शेवटचं वर्ष, तुझं नाव पुढे जाईल, राज्यापर्यंत पोचशील. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. "जिंकायचं व्हतं मला," ते म्हणाले. "एकदा तरी."

"मी तुमाला वाईट न्हाई म्हणत सर," पोरगी म्हणाली. "पण मैदानात मला काय सुचलं न्हाई तर मी तुमच्याकडं बघत व्हते. आता कुणाकडं बघू?"

चहा आला. सरांनी तो कसाबसा पोटात ढकलला आणि उठले.

त्याच रविवारी ते औंढ्याला गेले. विचारत विचारत ज्योतीच्या घरी पोचले. ज्योती अंगणात कपडे वाळत घालत होती. सरांनी उभ्या उभ्याच सांगितलं, "बाई, चेंडू लागला व्हता. मी बघितलं व्हतं. तू खरी व्हतीस."

ती थबकली. "मला माहीत हाय मी खरी व्हते," ती शांतपणे म्हणाली. "पण आमच्या सरांनी मला संघातून काढलं. पंचाला उलट बोलते म्हणून."

सर तिच्या मास्तरांकडे गेले. मग क्रीडा कार्यालयात लेखी अर्ज दिला. तिथल्या साहेबांनी तो वाचला आणि परत त्यांच्याकडे सरकवला. "निकाल लागून महिना झाला. आता काय उकरता? रिटायर व्हायच्या वक्ताला कशाला तकलीफ करून घेता?" ज्योतीच्या मास्तरांनी मात्र तिला पुन्हा संघात घेतलं. पण ते वर्ष सरलं होतं, आणि पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती.

मे महिन्यात सरांचा निरोप समारंभ झाला. जुन्या खेळाडू लेकराबाळांसकट आल्या. प्रतिक्षा आली नाही. ढाल हार घालून मंचावर मांडली होती. प्रत्येकाच्या भाषणात प्रामाणिकपणा हा शब्द येत होता, आणि तो आला की सर मान खाली घालत होते.

शेवटी ते बोलायला उठले. "ही ढाल आपली न्हाई," ते म्हणाले. "चेंडू पायाला लागला व्हता. मी पोरीला खोटं बोलायला लावलं. एका निर्दोष लेकराला कार्ड मिळालं, ते माझ्यामुळं. आणि माझी सगळ्यात चांगली खेळाडू गेली, ती बी माझ्यामुळंच."

मग मुख्याध्यापकांनी माईक हातात घेतला. "बघा मंडळी! कुणी सांगितलं असतं का हे? याला म्हणतात मोठं मन!" आणि टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहिले. सर हात हलवून नको नको म्हणत होते, तसतशा टाळ्या वाढतच गेल्या.

शाल आणि नारळ घेऊन ते घरी आले. केशरबाईंनी विचारलं, "सांगितलं का मग सगळं?"

"सांगितलं."

"काय म्हणले लोक?"

"टाळ्या वाजवल्या," सर म्हणाले, आणि ओट्यावर बसून लहान लेकरासारखे रडायला लागले.