पन्नास सेकंदांचा फरक

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान विद्याधरभाऊजी घाटकोपरला राहत आणि विक्रोळीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. सरळ रेषेवर इतकं प्रेम करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. भिंतीवरचं कॅलेंडर जरा तिरकं दिसलं तर त्यांना घास उतरत नसे. सुनंदाताई म्हणायची, "मी सरळ चालते म्हणून टिकले गं या घरात."

शहाऐंशीच्या संक्रांतीच्या सुमाराला शेजारच्या कांताबेन एक छापील पुस्तिका घेऊन आल्या. जैन बाई, सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नसत, आणि सूर्यास्ताची वेळ त्या पुस्तिकेत बघत. भाऊजींनी पानं चाळली आणि बोलून गेले, "बेन, या वेळा अहमदाबादच्या आहेत. जूनमध्ये तिथला सूर्य आपल्यापेक्षा दहा मिनिटं उशिरा मावळतो." बेन मटकन खालीच बसल्या. पंधरा उन्हाळे त्यांचं व्रत मोडत होतं. आता हे मनात ठेवता आलं नसतं का? पण मग ते भाऊजी कसले!

"मुंबईचा तक्ता मी करून देतो," ते म्हणाले.

पुतण्यानं दुबईहून आणलेल्या कॅल्क्युलेटरमध्ये त्यांनी सूर्यास्ताचं सूत्र भरलं. पण डोळ्यांनी पडताळल्याशिवाय तक्ता द्यायचा नाही, हा हट्ट. म्हणून फेब्रुवारीपासून दर रविवारी रेडिओवर घड्याळ लावून ते एकटेच जुहूला जात. सूर्य थेट पाण्यात बुडताना दिसायला हवा ना! घरी येऊन वहीत फरक लिहीत. आधी पंधरा सेकंद, मार्चमध्ये तीस, मेमध्ये पन्नास. दर वेळी सूर्य सूत्राच्या आधीच मावळलेला. त्यांनी सगळं गणित तीनदा पुन्हा मांडलं, चूक सापडेना. जेवणावरची वासना उडाली.

"भाऊजी, पन्नास सेकंदांत बेन असा किती भात खाणार आहेत?" मी म्हटलं.

"व्रत त्यांचं आहे. सवलत देणारी तू कोण?" ते कडाडले.

मे संपत आला. आता ढग येणार. "या रविवारी जमलं नाही, तर बेनना सांगून टाकतो, मला येत नाही म्हणून." त्यांचा तो चेहरा बघून ताई आणि मीही त्यांच्याबरोबर निघालो.

वाळूवर उभे राहिलो. "गेला!" भाऊजी म्हणाले, घड्याळ बघितलं आणि खांदे पाडले.

"अहो, गेला कुठे? आहे की अजून, नखाएवढा," ताई म्हणाली.

"मला काय डोळे नाहीत?"

"थांबा जरा... हां, आता गेला."

मलाही तसंच दिसलं होतं. ताईची वेळ आणि सूत्राची वेळ, फरक तीन सेकंदांचा.

ताईनं त्यांचा चष्मा पदरानं पुसून परत चढवला आणि समोरच्या हॉटेलची पाटी वाचायला लावली. त्यांना वाचता येईना. "मोतीबिंदू असणार हो," ती म्हणाली आणि तिथेच रडायला लागली. ज्याचं पोट बारीक रेघांवर, त्याचे डोळे चार महिने मंदावत होते आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

बसमध्येही तिचं रडणं थांबेना. भाऊजी मात्र तिचा हात धरून, अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात समजावत होते, "अगं, रडतेस काय? तक्ता बरोबर आहे! उद्या सकाळीच बेनना देऊन टाकू."