मामांशिवाय मामांचा फोटो

हसायचं नाही अशी शपथ घ्या, मगच सांगते. फोटो काढण्यात मी असा घोळ घातलाय, की अजून नातेवाइकांत माझं नाव निघालं की लोक आधी मोबाईल पालथा ठेवतात!

त्या दिवसांत मला साध्या फोटोंचं वेड लागलं होतं. मिनिमल म्हणतात त्याला. फ्रेममध्ये एकच वस्तू, बाकी सगळं मोकळं. आता मी राहते शहरातल्या ऐन गर्दीच्या औरंगपुऱ्यात. तिथं मोकळं काय दिसणार? रिक्षा, हातगाड्या, तारा, आणि प्रत्येक फोटोत कुणाचं तरी कोपर! म्हणून एका रविवारी पहाटेच्या बसनं पाचोडला मामांकडं गेले.

मामा अंगणात खुर्चीवर बसले होते. मागं चुन्याची पांढरी भिंत, कोवळं ऊन. काय फ्रेम होती म्हणून सांगू!

"मामी, ती बादली उचला ना." उचलली. दोरीवरची धोतरं काढायला लावली. शेळी पलीकडं बांधली. मग मामींनाच म्हटलं, "तुम्ही पण जरा बाजूला व्हा."

तरी काहीतरी खटकत होतं. बराच वेळ बघितल्यावर लक्षात आलं.

"मामा, जरा उठता का?"

"मी? फोटू माझाच काढायलीस ना?"

"तुमचाच. पण तुमच्याशिवाय."

मामा बिचारे उठले.

रिकामी खुर्ची, तिला टेकलेली काठी, पांढरी भिंत. फोटो कृष्णधवल केला आणि परतीच्या बसमध्ये बसल्या बसल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली एकच शब्द: 'मामा.'

हात जोडलेली चित्रं धडाधड यायला लागली! एका वहिनींनी लिहिलं, 'शब्दच नाहीत गं.' मी गहिवरले. लिहिलं, 'धन्यवाद वहिनी. मन लावून केलंय.'

'कधी झालं?'

'आत्ता सकाळीच.'

'फार त्रास झाला का?'

'छे! पटकन आटोपलं. मामांनी जराही कुरकुर केली नाही.'

'मामी कशा आहेत?'

'मजेत. सुटले एकदाची म्हणाल्या!'

मग कुणीतरी लिहिलं, 'निघालोय. आम्ही येईपर्यंत थांबा.' मला वाटलं, यांनाही फोटो काढून हवेत!

घरी पोचून जेवले, जरा आडवी झाले, तर फोन. मामांचा.

"पोरी, मी गेलो व्हय?"

"कुठं, मामा?"

"तेच इचारायलो! दारात माणसं येऊन रडायलीत. एकीला पाणी द्यायला गेलो, तर ती मला बघून चक्कर येऊन पडली!"

तशीच उठले आणि पुन्हा पाचोडची बस धरली. तोंड लपवत अंगणात शिरले, तर पाय ठेवायला जागा नाही. काही डोळे पुसत होते, काही पोट धरून हसत होते. मामी रागारागानं मोठ्या पातेल्यात चहा टाकत होत्या.

तेवढ्यात दौलताबादहून बाबूमामा आले. मामांचे चुलतभाऊ. एका लग्नातल्या मानपानावरून दोघांचं बोलणं कैक वर्षं बंद होतं. हातात हार, डोळे लाल. मामांना बघून फाटकातच थबकले.



"आणलाच हाईस तर घाल की," मामा म्हणाले. "पण गळ्यात. फोटूला नको."

बाबूमामांनी हार घातला आणि मामांच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून रडले. "वाटलं, आता बोलायचं राहूनच गेलं रं..." मामा नुसता पाठीवरून हात फिरवत राहिले.

खरं सांगू? फोटो काढायचं मला सुचलंच नाही. सकाळी ह्याच अंगणातून मी एकेकाला बाजूला काढत होते. आणि आता वाटत होतं, ह्यातलं एकही माणूस इथून हलू नये.

शेवटी मामाच म्हणाले, "आता समद्यांचा एक होऊन जाऊ दे. पोरी, तू बी ये हिकडं. मोबाईल मामीला दे."

मामींनी आयुष्यातला पहिला फोटो काढला. सगळे आले. मी कडेला उभी होते. माझा फक्त डावा कान आला.

"अहो मामी, ह्यात मी कुठंय?"

मामांनी चष्मा वर करून फोटो निरखला.

"असू दे की! कान आलाय नव्हं? आम्हाला धरायला तेवढाच लागतोय."