गफूरचाचांची गाठ

वाशीमच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो आणि कोटाचं माप द्यायला शेजारच्या गफूरचाचा शिंप्यांकडे गेलो. माप घ्यायच्या आधी त्यांनी स्वतःची टोपी काढली, माझा हात धरला आणि टाळूवरच्या गाठीवर ठेवला.

"दाबून पाहा, मास्तर. कालच्याहून वाढली नाई?"

"चाचा, मी आजच आलोय गावात."

"मंग उद्या या. फरक समजन."

गाठ बोराएवढी. दुखत नव्हती, पण त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती. शिवता शिवता मशीन थांबायची आणि बोटं टोपीखाली जायची. त्यांचे वडील मानेवरच्या गाठीनं गेले होते. दवाखान्याचं नाव काढलं की चाचा उठून दारात जाऊन उभे राहत. "डाक्टर बिमारीचं नाव सांगन. नाव समजलं का माणसाले झोप येत नाई."

"आता कुठं येते?" त्यांच्या बायको, सकीनाचाची, आतून म्हणायच्या.

मरणाच्या धास्तीनं चाचांनी त्यांनाच धंदा शिकवायला घेतला. कापड बेतणं, काज करणं, गिऱ्हाइकाशी बोलणं. "मी गेल्यावर कोनापाशी हात पसरू नोको." चाची डोळे पुसत शिकल्या, आणि पुढं त्यांची शिलाई चाचांपेक्षा सफाईदार झाली.

मग गाठ लाल झाली, ठणकू लागली. चाचींनी आणि मी त्यांना धरूनच दवाखान्यात नेलं. डॉक्टर गाठ दाबून हसले. "कातडीत तेल तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. एकीचं तोंड बुजलं, आत साचत गेलं. जिवाला धोका नाही."

चिरा दिल्यावर दह्यासारखा घाण वासाचा गोळा निघाला. चाचांनी तो हट्टानं पाहिला. "याच्यासाठी मी इतकी वर्सं मरून राह्यलो होतो?"

जखम सुकल्यावर दुकानात आले, तर मशीनवर चाची.

"उठ."

"काहून? तुमीच बसवलं. आता बटनं लावा."

चाचा खदाखदा हसले आणि खरंच बटणं लावायला बसले. ते दिवस त्यांचे सुखाचे.

पुढं तापाच्या साथीत चाची बघता बघता गेल्या. मी भेटायला गेलो तेव्हा चाचा चुलीपासून दारापर्यंत येरझारा घालत होते. मला पाहून थांबले.

"मास्तर, माझ्याबिगर कसं राह्याचं ते मी तिले सगळं शिकवलं. तिनं मले काईच नाई शिकवलं."