अडलेली गाय

प्राण्यांची डॉक्टर व्हायचं मी आठवीतच ठरवलं होतं. पण शाळा संपताना आबिटूरच्या परीक्षेत मार्क थोडे कमी पडले आणि प्रवेश हुकला. "आता कॉम्प्युटर घे," बाबा म्हणाले. ते इथे जर्मनीत गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. मी ऐकलं नाही. हॅनोव्हरला जीवशास्त्राच्या पदवीला गेले, पुन्हा अर्ज करायच्या तयारीनेच. अनुभव हवा म्हणून शनिवार-रविवार गावाबाहेरच्या एका गोठ्यावर जायला लागले. मालकीण साठीची, कमी बोलणारी. पहिले तीन महिने तिने मला नुसतं शेण काढायला लावलं.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी तिथली एक पहिलटकरीण गाय अडली. वासराचं तोंड दिसत होतं, पण पाय एकच. दुसरा गुडघ्यात मुडपून आत अडकलेला. डॉक्टरीणबाई दुसऱ्या गावात होत्या, यायला तास लागणार होता. मालकिणीचा रुंद हात आत जाईना. तिने फोन स्पीकरवर ठेवला.

"तुझा हात बारीक आहे," ती मला म्हणाली.

"मी हे कधी केलेलं नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणजे सांगतील तसंच करशील."

खांद्यापर्यंत हात धुतला, जेल लावलं. आत ऊब होती. प्रत्येक कळेला हात पिळून निघायचा.

"कळ ओसरू दे," फोनवरून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग वासराला जरा मागे ढकल. खूर मुठीत झाकून घे, नाहीतर गर्भपिशवी फाटेल."

बोटांना गुडघा लागला, त्याखाली खूर. तिथून पुढे मला भीती वाटली नाही. डोळे मिटूनही सगळं दिसत होतं. पाय हळूच पुढे आणला आणि पुढच्या कळेला आम्ही दोघींनी वासरू ओढून काढलं. ते निपचित पडलं होतं. मालकिणीने त्याच्या नाकपुडीत गवताची काडी घातली. ते शिंकलं.

पुढे प्रवेशाच्या मुलाखतीत मी हे सांगितलं. एका प्राध्यापकांनी विचारलं, "आणि पाय आलाच नसता तर?"

"हात काढून डॉक्टरांची वाट बघितली असती. हट्ट केला असता, तर गाय गेली असती."

बाहेर पडते तोच बाबांचा फोन. "काय गं, कशी झाली?"

"मिळणार मला," मी म्हणाले.

"त्यांनी सांगितलं?"

"नाही. मी सांगतेय."

ऑगस्टमध्ये प्रवेशाचं पत्र आलं. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि आधी आजीला फोन लावला.