रडायची मनाई

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन परभणीच्या सरकारी दवाखान्यात झालं, तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि मी त्या घरात नुकती कुठे रुळले होते. चुडाव्याला आम्ही रेल्वेत बसलो. त्यांना धड काही दिसत नव्हतं, तरी डब्यात जागेवरून भांडायला त्यांचं काही अडलं नाही.

एक डोळा गावात आलेल्या, सुई टोचून मोतीबिंदू सारणाऱ्या सुईवाल्यानं आधीच घालवला होता. राहिला होता तो हा एकच. डॉक्टर हैदराबादकडचे. ऑपरेशन झाल्यावर त्यांनी मला बजावलं, "हिलना नहीं, खाँसना नहीं, हँसना नहीं. और रोना तो बिलकुल नहीं. ज़ोर पड़ा तो आँख गई."

हुकूम गाजवायला मला मुळातच आवडतं, त्यात सासूवर गाजवायचा! दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि उशाशी मी. चावायचं नाही म्हणून भाकरी बंद, नुसती पेज. पहिला घोट घेऊन आत्याबाई म्हणाल्या, "ही पेज हाय का भांडी धुतलेलं पाणी?" मला हसू फुटलं आणि मी त्यांनाच दटावलं, "हसायचं न्हाई म्हणलं ना!"

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात जिंतूरकडून मावशी आल्याचा निरोप आला.

मावशी म्हणजे आत्याबाईंची पाठची बहीण. वर्षामागे मावशींचा नवरा वारला. आत्याबाईंना दिसत नाही म्हणून त्यांना तेव्हा कुणी नेलंच नाही. आमच्याकडे मयतानंतरच्या पहिल्या भेटीत बायका एकमेकींच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडतात. तसं रडल्याशिवाय भेटल्यासारखं होतच नाही. न रडणारीला लोक दगड म्हणतात.

मी धावत बाहेर गेले. मावशी व्हरांड्यात पोचल्या होत्या आणि पदर तोंडाशी गेलाच होता. मी आडवी आले.

"मावशी, रडू नका. त्यांचा डोळा जाईल."

"अगं, वरीस झालं, मी कुणापाशी रडले न्हाई. आक्कासाठी ठिवलंय सगळं."

मी तरी वाट सोडली नाही. शेवटी मावशींनी तोंडावर पाणी मारलं आणि मुकाट्यानं आत गेल्या. पायथ्याशी बसून त्यांनी बहिणीचे पाय धरले. आत्याबाईंनी हाताच्या स्पर्शावरूनच ओळखलं. त्यांची हनुवटी थरथरायला लागली, तशा मावशी घाईनं म्हणाल्या, "आक्का, औंदा कापूस लय झालाय बग." मग दोघी कापसाबद्दल बोलत राहिल्या. सरकी, वेचणी, मजुरी. इतकं निष्ठेनं कापसाबद्दल बोलताना मी कुणाला ऐकलं नाही. मावशी तिथंच राहिल्या.

पट्टी निघायच्या दिवशी डॉक्टरांनी बोटं दाखवली. आत्याबाईंनी बरोबर मोजली. मग डॉक्टरांनी जाड भिंग त्यांच्या डोळ्यापुढे धरलं आणि पुन्हा बजावलं, रडायची मनाई अजून उठलेली नाही.

ते ऐकून मावशींनी पदर ओढून भुवयांपर्यंत खाली घेतला. आडवं, ठसठशीत कुंकू लावायच्या त्या. ते पुसलेलं कपाळ आत्याबाईंनी अजून पाहिलं नव्हतं.

"पदर वर कर," आत्याबाई म्हणाल्या.

"ऱ्हाऊ दे आक्का. घरी गेल्यावर."

"वर कर म्हणते ना. बघायला डोळा केलाय म्या."

मावशींनी पदर सारला. आत्याबाईंनी भिंगातून खूप वेळ पाहिलं. हात पुढे करून त्या मोकळ्या कपाळावर तळवा ठेवला. ओठ गच्च मिटलेले, डोळा कोरडा. मावशींचाही कोरडा. डॉक्टरांचं ऐकणाऱ्या अशा दोन बायका त्या दवाखान्यानं पाहिल्या नसतील.

मला काही मनाई नव्हती. मी खाटेचा गज धरला आणि दोघींच्या वाटचं मोठ्यानं रडून घेतलं.