भोवऱ्याची सीट

माझ्या वहिनीला मोठ्या आवाजात बोलताना कुणी ऐकलेलं नाही. माझ्या आईला मात्र तिसऱ्या गल्लीतल्या लोकांनीही ऐकलेलं आहे. सात वर्षं या दोघी एका स्वयंपाकघरात वावरल्या आणि भांड्याला भांडं लागलं नाही, याचं सगळं श्रेय आई स्वतःकडे घेते. मी त्या घरातली नणंद. नणंदेने भावजयीबद्दल चार बरे शब्द लिहावेत अशी कुणाची अपेक्षा नसते, त्यामुळे मला मोकळेपणाने लिहिता येतं.

वहिनी सीट शिवते. मोटारींच्या, बसच्या, दवाखान्यातल्या बाकांच्या. कारखाना तळघरात आहे. एकच खिडकी, तीही छताला टेकलेली, तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे नुसते पाय दिसतात. वहिनीचं मशीन सगळ्यांत आत, भिंतीला लागून. बाहेर यायचं तर आधी तिघांनी उठायचं आणि फोमचे गठ्ठे सरकवायचे. म्हणून ती पाणीसुद्धा बेताने पिते. घरीही तेच. पलंगावर भिंतीकडची बाजू तिची, मग दोन मुलं, मग कडेला आई. एकदा मी विचारलं, "तुला गुदमरत नाही का गं?" तर म्हणाली, "सवय झालीय, वन्सं." मला वन्सं ती गमतीने म्हणते. त्या दिवशी मला तिचा रागच आला. मी रोज औषधांच्या दुकानात कामाला जाते, दिवसभर चार माणसांशी बोलते, तरी त्या घरात पाऊल टाकलं की माझा जीव घुसमटतो. आणि हिला म्हणे सवय झालीय.

दादा, म्हणजे तिचा नवरा, तीन वर्षं लांबच्या शहरात बसच्या कारखान्यात आहे. "पुढच्या महिन्यात तुम्हाला नेतो" हे त्याचं पालुपद. आई ते ऐकून मान डोलवायची आणि पुढच्या महिन्यात तिचे गुडघे दुखायला लागायचे. शेवटी दादाला एक खोली मिळाली आणि त्याच कारखान्याच्या सीट विभागात वहिनीला नोकरीही मिळाली. सोमवारी सकाळी हजर व्हायचं. सोमवार चुकला तर जागा दुसऱ्या बाईला. विमान शनिवारचं होतं. आई म्हणाली, "जा हो, सुखाने जा. माझं काय, पिकलं पान." पिकलं पान गेली पंधरा वर्षं फांदीला घट्ट धरून आहे.

आता मुलं. मैना पाच वर्षांची, बोलायला लागली की थांबत नाही. भोवरा अडीच वर्षांचा, तो फिरायला लागला की थांबत नाही. सहा महिन्यांपूर्वी शेजाऱ्यांच्या गाडीत तो वहिनीच्या मांडीवर होता. शेजाऱ्यांनी ब्रेक दाबला आणि तो तिच्या हातांतून निसटून पुढे आदळला. कपाळाला तीन टाके पडले. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. आठवड्याने वहिनीने कारखान्यातल्या एका गिऱ्हाइकाकडून लहान मुलाची जुनी सीट आणली, खांद्यावरून आणि पायांमधून पट्टे येणारी. मैनासाठी एक बूस्टर आणला, म्हणजे पाठ नसलेली, नुसती उंच बैठक. "यापुढे याला पट्ट्याशिवाय कशातही बसवणार नाही," ती म्हणाली. सात वर्षांत तिने इतक्या ठामपणे बोललेलं ते पहिलं वाक्य.

विमान ठरल्यावर तिने कंपनीला तीनदा फोन करून माहिती काढली. भोवऱ्याला दोन वर्षं पूर्ण झालेली, म्हणजे त्याची जागा वेगळी. त्या जागेवर त्याची सीट बांधता येते, पण खिडकीशीच, म्हणजे बाकीच्यांची वाट अडत नाही. बूस्टर चालत नाही, कारण विमानातला पट्टा नुसता मांडीवरून जातो आणि बूस्टरला खांद्यावरचा पट्टा लागतो. तो सामानात द्यायचा. सीटची रुंदी तिने टेपने मोजली, पुन्हा मोजली. मग आठवडाभर रोज संध्याकाळी जेवणाच्या खुर्चीवर ती सीट बांधून भोवऱ्याला तासभर बसवायची आणि स्वतः शेजारी बसून राहायची. तो ओरडायचा. आई म्हणायची, "कैदी केलाय पोराचा." वहिनी पट्टा सोडायची नाही.

आणि जाण्याआधी तिने सीटला नवं कापड चढवलं. गडद निळं, कडेला पांढरी शिवण. सीटच्या पाठीचं प्लास्टिक ओरखड्यांनी भरलं होतं, म्हणून तिने पाठही झाकली. तिच्या तळघरात उघड्या पाठीची सीट म्हणजे अर्धवट काम, असली सीट गिऱ्हाइकाला दिली तर मुकादम आठवडाभर टोमणे मारतो. इतकं सुबक काम मी तिच्या हातचं आधी पाहिलं नव्हतं. मी तसं म्हटलं नाही, ते निराळं.

विमानतळावर आई आणि मी पोचवायला गेलो. काउंटरवरच्या मुलीने सीट उलटी केली, आडवी केली, पुन्हा उलटी केली.

"याचं लेबल कुठंय?"

"कसलं लेबल?" वहिनी म्हणाली.

"विमानात चालते असं लिहिलेलं असतं मागे. ते दिसल्याशिवाय वर नेता येणार नाही. सामानात टाका, बाळाला साधा पट्टा लावा."

हे तिला फोनवर कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि रुंदी लिहून घेण्याच्या नादात राहून गेलं असेल. मागे रांग वाढत होती. दोन्ही बाजूंना दोऱ्या, पुढे काउंटर, पायाशी बॅगा, मैना एकसारखी "आई, आपण जाणार ना?" विचारत होती आणि भोवरा दोरीखालून निसटायच्या बेतात. मांडीवरच्या पट्ट्यातून तो किती वेळात सुटेल हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं.

तेव्हा आई पुढे झाली. "कशाला पोराचे हाल? त्याला ठेव माझ्याकडे. मैनाला घेऊन तू जा. महिन्याभराने बघू."

वरवर किती मायेचं बोलणं. पण भोवरा इथे राहिला तर वहिनी महिन्याच्या आत परत येणार, पुन्हा भिंतीकडच्या बाजूला निजणार, आणि दादा पुन्हा पुढचा महिना सांगणार, हे आईला कळत होतं. मलाही कळत होतं. आणि मला तेच हवं होतं. वहिनी गेली की त्या घरात आई आणि मी, एवढंच उरणार. तिचे गुडघे, तिची औषधं, तिचं पिकलं पान, सगळं माझ्या एकटीच्या गळ्यात. आठवडाभर मी या भीतीने नीट जेवले नव्हते. मी म्हणाले, "ठेव गं वहिनी. आम्ही बघू त्याचं."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग ती खाली बसली, सीट पालथी घातली आणि पर्समधून धागे कापायची कात्री काढली.

"अहो, हे काय करताय?" मुलगी म्हणाली.

"मागे काहीतरी चिकटवलेलं होतं. मी वाचलं नाही. त्याच्यावरच कापड चढवलंय." ती शिवण उसवत होती. "डिंक लावला नव्हता मी, म्हणजे कागद शाबूत असेल. पोराच्या नाकाशी वास नको म्हणून हाताने शिवलं."

पक्की शिवण होती, सहजासहजी सुटेना. तिने टाका टाका कापला, कुठे दातांनी ओढला. रांगेतला एक माणूस घड्याळ बघून चुकचुकला. आई म्हणाली, "अगं, उठ, लोक बघतायत." वहिनी म्हणाली, "बघू देत, आई." आवाज मोठा नव्हता, तरी आई एक पाऊल मागे सरली. मी उभी होते, आणि खोटं कशाला बोलू, त्या कापडाखाली काही नसावं असं मला वाटत होतं.

निळं कापड सोललं गेलं. ओरखड्यांच्या मधोमध एक चौकोनी कागद होता, एक कोपरा फाटलेला. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं की ही सीट मोटारीत आणि विमानात वापरता येते. मुलीने वाकून वाचलं, बोट फिरवलं, पुन्हा वाचलं. मग बूस्टरला चिठ्ठी बांधून तो सामानात ढकलला आणि सीट वहिनीच्या हातात दिली.

कात्री आत नेता येत नाही म्हणून ती माझ्याकडे राहिली. वहिनी आईच्या पाया पडली. माझा हात दाबला. लोंबतं कापड सीटभोवती गुंडाळून, भोवऱ्याला काखेत मारून आणि मैनाला पुढे घालून ती गेली. वळून पाहिलं नाही, आणि दोन मुलं सांभाळताना कुणी पाहूही शकत नाही.

परत येताना टॅक्सीत आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तू बरोबर बोललीस गं. तिनंच ऐकलं नाही." या कौतुकावर मी वहिनीची कात्री या हातातून त्या हातात घेतली. आजवर आईने मला स्वतःच्या बाजूची म्हणून कधी मोजलं नव्हतं.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. भोवरा खिडकीशी बसला, अर्धा तास ओरडला आणि मग झोपला. मैनाने हवाई सुंदरीला आमच्या घरातलं सगळं सांगून टाकलं. खोली लहान आहे, पण खिडकीतून झाड दिसतं. दादा बाहेर दूध आणायला गेला होता.

"वन्सं, विमानतळावर तुम्ही भोवऱ्याला ठेव म्हणालात. ते आईंना बरं वाटावं म्हणून ना?"

आतल्या खोलीतून आई मला हाक मारत होती. पाणी, की गोळी, की नुसतीच हाक.

"हो," मी म्हणाले. "आईला बरं वाटावं म्हणून."

"मला वाटलंच," वहिनी म्हणाली. "तुम्ही होतात म्हणून मी तिथे सात वर्षं काढली."