कोंबड्यांनी आधी खाल्लेला तांदूळ

सोमवारी सकाळी माझी बायको निर्मला गेली. दीड महिन्यानं तिच्यासाठी कॅनडाहून तांदूळ आला, आणि तो कोंबड्यांनी खाल्ला.

टाकला माझ्या आक्कानं. पण दोष माझाच.

आमची मुलगी शुभदा उत्तर कॅनडात तिथल्या मूळच्या अनिशिनाबे लोकांच्या एका गावात नर्स आहे. गावाला रस्ता नाही. एरवी छोटं विमान, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून गाडी. लोक मासे धरतात, सापळे लावतात आणि उन्हाळा सरताना तळ्यात आपोआप उगवलेला काळा तांदूळ नावेतून गोळा करतात. एका काठीनं ताटं वाकवायची, दुसरीनं दाणे झोडायचे. शुभदाच्या घरमालकीण अग्नेसताई या कामात मुरलेल्या. एकदा व्हिडिओ कॉलवर त्या झाडाच्या सालीच्या पसरट भांड्यात तांदूळ पाखडताना दिसल्या. निर्मला ताडकन उठली, सूप घेऊन आली आणि इकडे देगलुरात तूर पाखडायला लागली! (हिला इंग्रजी येत नव्हतं, त्यांना मराठी.) तेव्हापासून दर रविवारी दोघी तासभर पाखडायच्या. घरात काही उरलं नाही, तर निर्मला पाखडलेलंच पुन्हा पाखडायची!

पार्सलमध्ये पुडा होता आणि अग्नेसताईंचं चार पानी इंग्रजी पत्र होतं. पुडा मी ओट्यावर ठेवला, पत्र घेऊन बसलो. मी निवृत्त ग्रंथपाल; शब्दकोश उघडल्याशिवाय लग्नपत्रिकाही वाचत नाही. दोन दिवसांनी चौथ्या पानावर पोचलो. तिथं लिहिलं होतं: "हा तांदूळ मी निर्मलासाठी झोडला. रविवारी आमच्या सकाळी मी तिच्या नावानं ताट वाढीन. तुमच्याकडे संध्याकाळ असेल. तुम्हीही वाढा."

मी स्वयंपाकघरात धावलो.

"आक्का, इथला पुडा कुठाय?"

"ते काळं काळं? जळकं बी वाटलं मला. रेहानाबीच्या कोंबड्यांना टाकलं."

"अगं, तांदूळ होता तो! निर्मलाचा!"

"मग तोंडानं सांगायचं न्हाई का? दोन दिवस झाले, त्या कागदात डोकं घालून बसून राहिलास!"

शेजारच्या रेहानाबी म्हणाल्या, "भाईसाब, मुर्ग्यां सब चट कर डाले. कोने में थोडे पडे हैं, देखो."

मी गुडघ्यांवर बसून खुराड्यात हात घातला. एका कोंबडीनं अंगठ्याला चोच मारली. (तिचं बरोबरच होतं. ती जेवत होती.)

समोरचे गिरमाजी थांबले. "सर, अंडी शोधून राहिले काय?"

"न्हाई. बायकोचा तांदूळ."

गिरमाजी हळूच निघून गेले.

वाटीभर ऐवज हाती लागला: थोडा तांदूळ, बाकी पिसं आणि माती. रविवारी संध्याकाळी आक्का म्हणाली, "माझा खांदा धरलाय. तूच पाखड आता."

मी सूप उचललं, आणि फोन वाजला. ठरल्या वेळेच्या आधीच!

"बाबा, डोक्याला पीस काय लागलंय? काय करून राहिलात?"

खोटं बोलायचं मनात आलं. पण शुभदाच्या मागं टेबल दिसत होतं. त्यावर वाढलेलं ताट होतं, मासा आणि काळा भात. समोरची खुर्ची रिकामी होती. अग्नेसताई हात जोडून उभ्या होत्या. निर्मलानं शिकवला असणार तो नमस्कार.

मी सगळं सांगितलं. शुभदानं मान खाली घालून एकेक वाक्य त्यांना समजावलं. सांगण्यात कोंबड्या आल्या तेव्हा अग्नेसताईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलायला लागले. जमिनीनं मला पोटात घ्यावं असं वाटलं. मग त्यांनी हात काढले. त्या हसत होत्या! डोळे पुसत काहीतरी म्हणाल्या.

"बाबा, त्या म्हणतात, इकडं बदकं आधी खातात, मग माणसं. त्यात काय एवढं? पण तुम्ही सूप उलटं धरलंय."

मी सूप फिरवलं. त्यांनी आपलं सालीचं भांडं आणलं आणि हळूहळू करून दाखवलं. मी तसंच केलं. तांदूळ जमिनीवर पडला, पिसं सुपात राहिली!

"सरक," म्हणत आक्का खाली बसली आणि दुखऱ्या खांद्यानं एकेक दाणा वेचून धुऊन दिला. निर्मलाच्या ताटात तेवढाच भात पडला, चमचाभर.

आता घरात निर्मलाचं सूप आहे. दर रविवारी फोनसमोर बसून मी तूर पाखडतो. खाली सांडते ती रेहानाबींच्या कोंबड्या खातात. त्या हल्ली बऱ्याच जाड झाल्या आहेत.